घाटग्यांचं एचटी-२ आणि त्याची वंशावळ

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथपासून बिदर सरळ रेषेत साधारण १८० किलोमीटर, डुंडीगल १९०, आणि बेगमपेट त्याच्या थोडं पुढे. ही चारही ठिकाणं १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांचं पहिलं शिक्षण कुठे झालं हे शोधायला निघालं, की याच मुलखात वारंवार यावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेटला वैमानिकांची प्राथमिक शाळा होती. देशात अशा दोनच, दुसरी जोधपूरला. पुढे बिदरला प्राथमिक शिक्षणाचा तळ झाला. डुंडीगलला हवाई दलाची अकादमी उभी राहिली आणि ती आजही चालू आहे.

या शाळांमधली मुलं कोणत्या विमानावर शिकली, ती विमानं कुणी बनवली, हा भाग मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. लढाऊ विमानांची नावं शाळकरी पोरांना पाठ असतात. ज्या विमानात वैमानिकाने पहिल्यांदा दांडा हातात धरला, त्याचं नाव सहसा कुणाला ठाऊक नसतं. भारतीयांनी आराखडा केलेलं आणि मोठ्या संख्येने तयार झालेलं पहिलं विमान हे असंच एक शिकाऊ विमान होतं, आणि ते घडवणारा माणूस गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचा होता.

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ सालचा. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रांट्ल हे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जातात. पंखाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर कसा वागतो, तो पंखापासून कधी सुटतो आणि सुटला की उचल का संपते, हे गणितात मांडायची वाट त्यांनी दाखवली. तिथून परतलेल्या घाटग्यांसाठी देशात विमानाचा कारखानाच नव्हता. तो उभा करणारा माणूसही मराठी मुलखातलाच निघाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू केली. आजच्या एचएएलचं मूळ ते. अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली त्यांच्या सोबतीला होता.

या कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं विमानही शिकाऊच होतं. अमेरिकेतून आलेल्या भागांची जुळणी करून हार्लो पीसी-५ जातीचं विमान ऑगस्ट १९४१ मध्ये सरकारच्या हवाली झालं. युद्धाच्या धामधुमीतच घाटग्यांनी दहा आसनांचं एक ग्लायडर आखलं. इंजिन नसलेलं, पण पूर्णपणे इथल्या डोक्यातून उतरलेलं. १९४२ मध्ये युद्धाच्या गरजेने कारखान्याचं व्यवस्थापन सरकारकडे गेलं आणि तिथे मुख्यतः मित्रराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती चालू राहिली. दुरुस्तीचं हे काम कमी लेखायचं कारण नाही. पत्रा कुठे थकतो, रिव्हेट कुठे ढिले होतात, इंजिन कशाने कुरकुरतं, हे शेकडो कारागिरांच्या हातांना त्या वर्षांत कळलं. पुढचं विमान त्याच हातांनी बांधलं.

शिकाऊ विमानाकडून नेमकं काय हवं असतं? वरवर वाटतं की ते सोपं असावं, एवढंच. पण फार सोपं विमान वाईट शिक्षक ठरतं. पहिल्यांदा वखर धरणाऱ्या पोराला घरचा शहाणा बैल जोडून देतात. तो पोराची चूक पोटात घालतो, पण कासरा भलतीकडे ओढला तर तास वाकडंच जातं आणि पोराला आपली चूक दिसते. शिकाऊ विमान असंच असायला लागतं. नवशिक्या आपटेल तितकं आपटून घेणारं, आणि तरी प्रत्येक चूक त्याला जाणवून देणारं.

सगळ्यात अवघड मागणी असते गिरकीची. विमानाचं नाक वाजवीपेक्षा जास्त वर उचललं, वेग पडला, की पंखावरून जाणारी हवा पंखाला सोडून देते. प्रांट्ल यांच्या थराचा खेळ तो हाच. उचल एकदम ढासळते. दोन्ही पंखांची उचल एकाच वेळी, सारखीच गेली तर विमान नाक खाली घालून सरळ पडतं आणि वेग आला की सावरतं. पण एका पंखाची आधी गेली तर विमान त्या बाजूला कलतं आणि गरगर फिरत खाली येऊ लागतं. ही गिरकी. उडायला शिकणाऱ्या हवाई दलाच्या मुलाला ती मुद्दाम घ्यायला लावतात आणि तिच्यातून बाहेर यायला शिकवतात. म्हणून विमान सांगितल्यावर गिरकीत गेलं पाहिजे, न सांगता जाता कामा नये, आणि पायातल्या रडरने व हातातल्या दांड्याने सांगितल्याबरोबर बाहेर आलं पाहिजे. या तीन अटी एकमेकींना छेद देतात. शेपटीचा आकार, तिची उंची, विमानाच्या पोटातल्या वजनाची मांडणी या सगळ्यांचा मेळ घातल्याशिवाय त्या पुऱ्या होत नाहीत, आणि कागदावरचं गणित इथे बऱ्याचदा तोकडं पडतं. शेवटी कुणीतरी वर जाऊन ते विमान गरगरवून पाहावंच लागतं.

स्वातंत्र्याच्या वेळी हवाई दलाकडे शिकायला टायगर मॉथ होतं. लाकडी पंखांवर कापड ताणलेलं, दुहेरी पंखांचं, उघड्या कॉकपिटचं ब्रिटिश विमान; इंजिन १३० अश्वशक्तीचं. मायाळू आणि टिकाऊ, पण १९३० च्या दशकातलं. पुढची लढाऊ विमानं एकेरी पंखांची, धातूची, जेटची येणार हे स्पष्ट होतं. कापडी विमानावरून थेट तिकडे उडी मारणं धोक्याचं होतं. मध्ये पर्सिव्हल प्रेंटिस हे ब्रिटिश विमान परवाना घेऊन बंगळुरूला बांधायला घेतलं. त्याच सुमारास घाटग्यांच्या गटाने स्वतःचा आराखडा मांडला.

हेच एचटी-२. त्याचा पहिला नमुना ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाला. चालवायला होते कंपनीचे चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी. पूर्ण धातूचं, खालच्या बाजूला जोडलेल्या एकेरी पंखांचं, गुरू-शिष्य एकामागे एक बसतील असं, दोघांकडे सारखीच नियंत्रणं असलेलं, वर काचेचं झाकण. पहिल्या नमुन्यात जिप्सी मेजर इंजिन होतं. फेब्रुवारी १९५२ मध्ये दुसरा नमुना १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन घेऊन उडाला, आणि उत्पादनासाठी तेच कायम झालं. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १०.७२ मीटर, विमानाची लांबी ७.५३ मीटर, रिकामं वजन जेमतेम ७०० किलो, माणसं-इंधनासह हजार किलोंच्या किंचित वर. जास्तीत जास्त वेग ताशी २०९ किलोमीटर, रोजच्या उड्डाणाचा १८५ च्या आसपास. बिदरहून निघालं असतं तर तासाभरात बोथवर येऊन, पोचेराच्या धबधब्यावरून वळून, त्याच इंधनात परत बिदरला टेकलं असतं. एका दमात ते ५६० किलोमीटर जाऊ शकत असे.

त्याची चाकंही लक्षात ठेवण्याजोगी. दोन पंखांखाली आणि एक शेपटीखाली. आजच्या बहुतेक छोट्या विमानांना तिसरं चाक नाकाखाली असतं, त्यामुळे ती जमिनीवर सरळ धावतात. शेपटीच्या चाकाच्या विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. उतरल्यावर जरा तिरकं झालं, की मागचं वजन त्याला आणखी तिरकं ढकलतं, आणि पाय वेळेवर हलले नाहीत तर विमान धावपट्टीवर गर्रकन फिरतं. म्हणून असल्या विमानात उतरणं हे चाकं जमिनीला टेकल्यावर संपत नाही. विमान पूर्ण थांबेपर्यंत वैमानिकाला जागं राहावं लागतं. माझ्या मते ही त्या काळच्या शिक्षणातली फार मोलाची गोष्ट होती.

१९५३ पासून उत्पादन सुरू झालं आणि १९५८ पर्यंत सुमारे १७० विमानं झाली. हवाई दलाने घेतली, नागरी उड्डाण शिकवणाऱ्यांनीही घेतली. नव्याने स्वतंत्र झालेल्या घानाने आपलं हवाई दल उभारायला भारताची मदत घेतली, तेव्हा १२ एचटी-२ तिकडे गेली. ज्या देशात वीसेक वर्षांपूर्वी परक्या भागांची जुळणी होत होती, त्या देशाने आता दुसऱ्या देशाच्या वैमानिकांची पहिली विमानं पुरवली होती.

१९६० च्या दशकात एचटी-२ ची शाळा बिदरला आली. बिदर, भालकी, उदगीर, देगलूर या पट्ट्यातल्या मराठी घरांवरून ही विमानं वर्षानुवर्षं उडत राहिली. विमान इतकं टिकलं की त्याचं इंजिन आधी म्हातारं झालं. सिरस इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा काही विमानांत १६० अश्वशक्तीचं अमेरिकी लायकमिंग इंजिन बसवलं. हाच एचटी-२ चा खराखुरा नवा अवतार. आराखडा पन्नासच्या दशकातला, काळीज नवं. १९९० पर्यंत हवाई दलाने ते वापरलं. एका शिकाऊ विमानाने सुमारे साडेतीन दशकं सेवा करावी, हे आराखडा करणाऱ्याला मिळालेलं मोठं प्रमाणपत्र आहे.

घाटग्यांच्या कारखान्यातून याच काळात एक धाकटी शाखाही फुटली. सप्टेंबर १९५८ मध्ये पुष्पक उडालं. वरच्या बाजूला पंख, शेजारी शेजारी दोन आसनं, अवघ्या ९० अश्वशक्तीचं इंजिन. हवाई दलासाठी नव्हे, फ्लाइंग क्लबांसाठी. मुंबईचा क्लब १९२८ पासूनचा. असे क्लब देशभर होते आणि त्यांना स्वस्त, साधं, देशात दुरुस्त होणारं विमान हवं होतं. दीडशेच्या घरात पुष्पकं झाली आणि नागरी वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीने त्यांच्यावर परवाने मिळवले. पुष्पकचीच चौकट वाढवून, २२५ अश्वशक्तीचं इंजिन घालून १९५९ मध्ये कृषक तयार झालं. सैन्याच्या तोफखान्याला वरून टेहळणी करून देणारं. जेटकडे नेणारी दुसरी शाखा किरण विमानाची. घाटग्यांच्याच देखरेखीखाली आखलेलं हे जेट सप्टेंबर १९६४ मध्ये उडालं. त्याचा पुढचा, ताकदीच्या इंजिनाचा दुसरा प्रकार हवाई दलाच्या सूर्यकिरण कवायत पथकाने १९९६ पासून कवायतींत वापरला आणि त्या पथकाचं घरही बिदरच. घाटग्यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते वारले. बंगळुरूत एचएएलच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे.

एचटी-२ नंतरची कथा मात्र इतकी सरळ नाही. त्याच्या जागी आखलेलं एचपीटी-३२ दीपक जानेवारी १९७७ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि १९८० च्या दशकात डुंडीगलला आलं. गुरू-शिष्य आता शेजारी बसू लागले, चाक नाकाखाली आलं, इंजिन २६० अश्वशक्तीचं झालं. शेजारी बसण्याचा फायदा उघड आहे. शिक्षकाला मुलाचा चेहरा आणि हात दिसतात. तोटा असा की पुढे जेटमध्ये एकटं, मधोमध बसायची सवय लागत नाही. पण दीपकचा खरा दोष आसनांत नव्हता. हवेत इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या, आणि इंजिन गेलं की हे विमान फार लांब तरंगत नसे. त्यात बाहेर फेकणारं आसनही नव्हतं. एकूण १९ वैमानिकांचे प्राण गेले. ३१ जुलै २००९ रोजी हैदराबादजवळ दोन प्रशिक्षकांचा मृत्यू झाला आणि हवाई दलाने दीपक कायमचं जमिनीवर ठेवलं.

हे टाळता आलं असतं का? दीपकचाच एक प्रकार, एचटीटी-३४, जून १९८४ मध्ये उडाला होता. चौकट तीच, पण नाकात दट्ट्यांच्या इंजिनाऐवजी ४२० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप. या इंजिनात जेटसारखंच फिरतं चक्र हवा दाबतं, पण त्याची ताकद पंखा फिरवण्यात जाते. हलणारे भाग कमी, कंपन कमी, वजनाच्या मानाने ताकद जास्त, आणि विमानतळावर सगळीकडे मिळणारं जेटचंच इंधन चालतं. त्याच वर्षी इंग्लंडच्या फार्नबरो प्रदर्शनात ते दाखवलंही गेलं. मागणी आली नाही. जगभरची हवाई दलं त्याच दशकात टर्बोप्रॉपकडे वळत होती. आपल्याकडे ते विमान हवेत होतं आणि आपण ते उत्पादनात नेलं नाही. तो निर्णय महागात पडला, असं मला स्पष्टपणे वाटतं. दीपक बंद झाल्यावर मुलांना पहिल्याच पायरीला किरणसारख्या जेटवर बसवण्याची वेळ आली, आणि मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडकडून ७५ पिलाटस पीसी-७ विकत घ्यावी लागली. २०१३ पासून ती डुंडीगलच्या आकाशात आहेत. उत्तम विमान, यात शंका नाही. पण त्याचा आराखडा आपला नाही.

हवाई दलाला तेव्हा आणखी स्विस विमानं हवी होती. एचएएलने स्वतःच्या पैशातून एचटीटी-४० चं काम रेटलं आणि ३१ मे २०१६ रोजी ते उडालं. दीपकच्या पहिल्या उड्डाणापासून मधल्या एकोणचाळीस वर्षांत एचटी-२, किरण आखणारी माणसं निवृत्त झाली होती. गिरकीचं गणित पुन्हा मुळापासून सोडवावं लागलं. चाचण्यांत विमान हवं तसं सावरत नव्हतं म्हणून शेपटीत बदल करावे लागले, आणि त्यानंतरच सहा-सहा गिरक्यांमधून ते बाहेर आलं. नव्या विमानात गुरू मागे, थोड्या उंचावर बसतो, म्हणजे त्याला मुलाच्या डोक्यावरून पुढचं दिसतं. इंजिन ९५० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप. कॉकपिटमध्ये हवेचा दाब राखलेला, आणि जमिनीवर उभं असतानाही वैमानिकाला सुरक्षित बाहेर फेकणारं आसन. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा करार झाला, ६,८०० कोटींच्या वर. उत्पादनाची दुसरी साखळी नाशिकजवळ ओझरला सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचं उद्घाटन झालं. सोलापूरकराने बंगळुरूला नेलेला आणि गडहिंग्लजकराने वाढवलेला हा धंदा शिकाऊ विमानाच्या रूपाने महाराष्ट्रातही आला.

नागरी बाजूला पुष्पकची जागा घ्यायचा प्रयत्न बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने हंसा विमानातून केला. धातूऐवजी काचतंतू आणि कार्बनतंतूंच्या थरांचं, दोन आसनांचं. हंसा-३ ला २००० मध्ये प्रमाणपत्र मिळालं, पण विमानं थोडीच झाली. नवं इंजिन आणि काचेच्या पडद्यांचं कॉकपिट घेऊन हंसा-एनजी सप्टेंबर २०२१ मध्ये उडालं. आज देशातल्या उड्डाणशाळांमध्ये बहुतेक विमानं परदेशी आहेत, आणि वैमानिकांची गरज वर्षागणिक वाढते आहे. हंसा-एनजी ला इथे जागा आहे. ती मिळेल की नाही हे किमतीपेक्षा सुटे भाग किती वेळेवर मिळतात यावर जास्त ठरेल. उभं राहिलेलं शिकाऊ विमान रोज उड्डाणाचे तास खातं आणि मुलांची फी वाढवतं.

आदिलाबादला निजामकाळापासूनची धावपट्टी आहे. २०२५ मध्ये हवाई दलाने तिथे नागरी विमानांनाही परवानगी देण्याची तयारी दाखवली आहे. तिथे विमानतळ होईल तेव्हा प्रवाशांसोबत उड्डाणशाळेचाही विचार व्हावा. हवामान वर्षातले बरेच महिने मोकळं असतं, खाली दाट वस्ती नाही, आणि बोथ, उटनूर, किनवट, माहूर या भागातल्या मुलामुलींना हैदराबाद-नागपूर न गाठता उडायला शिकता येईल. तिथे ठेवायची विमानं परदेशातून मागवण्याआधी हंसा-एनजी चा विचार सरकारने करावा. आणि एचएएलने एचटीटी-४० चं उत्पादन चालू असतानाच, ते आखणारी माणसं कामावर असतानाच, त्याच्या पुढच्या विमानाचा आराखडा हाती घ्यावा. पुन्हा एकोणचाळीस वर्षं थांबू नये.